मी आज डिस्ट्रॉट आहे यार!

परवा मैत्रिणीचा मेसेज आला, 'लीव्ह कॅन्सल झाली, आय अ‍ॅम डिस्ट्रॉट!' घाबरून फोन केला, तर बाईसाहेब मजेत पाणीपुरी हाणत होत्या.

मंडळी, हा शब्द इतका स्वस्त नाहीये. स्पेलिंगमध्ये जी-एच आहेत, पण ते मुके. 'डिस्ट्रॅक्टेड'चा हा सख्खा भाऊच. दोघांचं लॅटिन मूळ एकच, अर्थ वेगवेगळ्या दिशांना ओढला गेलेला. शेक्सपिअरच्या काळात तर थेट 'वेड लागलेला' असाही अर्थ होता. आपला 'सैरभैर' त्याच्या बराच जवळ जातो.

'अपसेट' माणूस चिडतो, कुरकुरतो आणि जेवून झोपतो. डिस्ट्रॉट माणसाला समोरच्यानं काय विचारलं तेच कळत नाही. आणि हो, हा शब्द माणसालाच लावायचा. बातमी 'डिस्ट्रेसिंग' असते, ती ऐकून कोसळलेली आई डिस्ट्रॉट.

हे ज्ञान मी पाजळतेय खरी, पण गेल्या वर्षी बाबा आयसीयूत होते तेव्हा मी संपादकांना काय लिहिलं? 'अ बिट डिस्टर्ब्ड, कॉपी संध्याकाळी देते.' उत्तर आलं, 'पाचपर्यंत चालेल.' तेव्हा भयंकर राग आला. आता वाटतं, त्यांना तरी कसं कळणार? 'डिस्टर्ब' तर आपण नेट स्लो झालं तरी होतो.

तो मेल पाठवला तेव्हा मी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये होते. बाबा कितव्या मजल्यावर आहेत, ते आठवत नव्हतं.