पहिलीच्या वर्गात इंटरनेट येऊ दे, पण फोन कुणाच्या हातात?

१५ जून २०२०. कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि राज्य सरकारनं ऑनलाइन शिक्षणाचा आदेश काढला. तिसरीच्या पुढच्या मुलांनी रोज किती वेळ स्क्रीनसमोर बसायचं, हे त्यात ठरवून दिलं होतं. पहिली-दुसरीला ऑनलाइन वर्गातून वगळलं होतं. पुढच्याच महिन्यात आदेश बदलला. पहिली-दुसरीसाठी रोज अर्ध्या तासाची दोन सत्रं आली. त्यातही १५ मिनिटं पालकांशी बोलायला आणि १५ मिनिटं मुलांच्या उपक्रमाला.

म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला इंटरनेटवरून शिकवायचं ठरल्यावर सरकारी कागदावरही निम्मा वेळ पालकांकडेच गेला. या वयात नेट वापरणारा माणूस मोठाच असतो, हे तेव्हाच मान्य झालं होतं. नंतर शाळा उघडल्या, वर्गात स्मार्ट टीव्ही आले आणि ही गोष्ट मागे पडली.

कुपवाडमध्ये हा प्रश्न कसा दिसतो?

सांगली-मिरज-कुपवाड ही महापालिका १९९८ मध्ये झाली. तीन शहरांच्या या महापालिकेत कुपवाडची ओळख म्हणजे एमआयडीसी. इथल्या अनेक घरांचा दिवस कारखान्याच्या पाळीवर चालतो. घरात स्मार्टफोन असला तरी तो कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात असतो. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुपारी अभ्यास येतो, 'हा व्हिडिओ मुलांना दाखवा' असा मेसेजही येतो. पण फोन घरी येतो संध्याकाळी किंवा रात्री. तेव्हा पालक दमलेले आणि मूल पेंगुळलेलं. तीन मिनिटांचा व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. तो अभ्यासाचा असेलच असं नाही.

अशा घरात 'इंटरनेट आहे का?' या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच येतं. मुलाच्या वाट्याला ते कधी आणि कुणासोबत येतं, हे कुणी विचारत नाही.

मग पहिलीच्या मुलाला नेटचा उपयोग काय?

पहिली-दुसरीचं मुख्य काम एकच आहे: वाचायला, लिहायला आणि हिशोबाचं पहिलं पाऊल टाकायला शिकणं. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेनं जुलै २०२१ मध्ये हेच उद्दिष्ट ठेवलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, साधं गणित जमलं पाहिजे.

आता गंमत बघा. नेट वापरायचं तर वाचता यावं लागतं. शोधायचं, निवडायचं, नको ते बाजूला सारायचं, हे सगळं अक्षरांच्या पलीकडचं काम आहे. गूगलनं २०१७ मध्ये मराठीत बोलून शोधायची सोय दिली, त्यामुळे मूल 'हत्ती दाखव' म्हणू शकतं. पण समोर आलेल्या वीस व्हिडिओंतला कोणता बघायचा, हे ते चित्राच्या भडकपणावरूनच ठरवणार.

दुसरी अडचण त्याहून मोठी. मूल 'क' ला काना, मात्रा, वेलांटी लावायला शिकतं तेव्हा ते चुकतं, थांबतं, परत म्हणून बघतं. समोरची बाई किंवा गुरुजी त्या चुकीवर थांबतात. व्हिडिओ थांबत नाही. तो 'की' वरून 'कु' वर जातो, मूल अजून 'कि' वरच असतं. मुलं व्हिडिओबरोबर छान सुरात बाराखडी म्हणतात, आणि तोच शब्द फळ्यावर लिहिला की गप्प होतात. पाठ होणं म्हणजे वाचता येणं नव्हे.

पण शिक्षकाच्या हातात तेच नेट खूप काही करू शकतं. कुपवाडच्या मुलानं समुद्र पाहिलेला नसेल, तर भरती-ओहोटी चित्रात सांगून समजत नाही. दोन मिनिटं लाटा दाखवल्या की समजते. कोकिळा आणि भारद्वाज यांचे आवाज ऐकवता येतात. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी मंचावरचे धडे उघडतात. 'दीक्षा' सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं. या सगळ्यात नेट दोन-चार मिनिटं येतं, काम करतं आणि बंद होतं. पुढचा अर्धा तास मुलं त्यावर बोलतात, चित्र काढतात, शब्द लिहितात.

परितेवाडीत आधी काय झालं?

क्यूआर कोड म्हटलं की रणजितसिंह डिसले यांचं नाव येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडी, तिथली जिल्हा परिषद शाळा आणि डिसेंबर २०२० मध्ये मिळालेला १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हेही अनेकांना माहीत आहे.

कमी सांगितली जाते ती आधीची पायरी. त्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्यांना कळत नव्हतं. डिसले यांनी ते मुलांच्या भाषेत आणलं आणि त्याला क्यूआर कोड जोडले. कोडमागे कविता, व्हिडिओ, गोष्टी होत्या. मूल कुठे अडतंय हे आधी शोधलं गेलं, तंत्रज्ञान त्या जागेवर बसवलं गेलं. राज्यभर कोड पोहोचले, पण हा क्रम सगळीकडे पोहोचला असं म्हणणं कठीण आहे.

सांगली जिल्ह्याला हे लागू पडतं. जतसारख्या तालुक्यात कन्नड शाळा आहेत आणि एमआयडीसीच्या परिसरात कामासाठी बाहेरून आलेली कुटुंबं राहतात. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला मराठी शब्दाचा उच्चार पुन्हा पुन्हा ऐकवायला इंटरनेटइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

पैसा कुठून येतो?

इथे खरी गोम आहे. 'समग्र शिक्षा' योजनेत संगणक आणि डिजिटल वर्गांसाठी जो स्वतंत्र घटक आहे, तो सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे. पहिली-दुसरी त्यात बसत नाही. प्राथमिक शाळेकडे उरतं ते संयुक्त शाळा अनुदान. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये, १०१ ते २५० पटाला ५० हजार. खडू, दुरुस्ती, स्वच्छता, वीजबिल आणि इंटरनेट, सगळं त्यातच.

म्हणून प्राथमिक शाळांतला टीव्ही बहुतेक वेळा लोकवर्गणीतून किंवा देणगीतून येतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पाष्टेपाडा शाळा डिजिटल झाली आणि राज्यभर शाळांनी तो कित्ता गिरवला, तोही मुख्यतः लोकसहभागावर. यात वाईट काही नाही. पण टीव्ही देताना फोटो निघतो, दर महिन्याच्या रिचार्जचा निघत नाही. मग शिक्षक स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावतात. देशातल्या किती शाळांत इंटरनेट आहे याचा सरकारी आकडा २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के होता, २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्के झाला. वाढ मोठी आहे. मात्र ही सोय कार्यालयातल्या संगणकापुरती आहे की पहिलीच्या वर्गापर्यंत येते, हे या एका आकड्यावरून कळत नाही.

फोन वाढले, वाचन वाढलं का?

'असर' अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत, तिसरीतल्या २०.९ टक्के मुलांना २०१८ मध्ये दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्क्यांवर आलं. याच काळात स्मार्टफोन असलेली ग्रामीण घरं ३६ टक्क्यांवरून सुमारे ७५ टक्क्यांवर गेली. फोनमुळे वाचन घसरलं असा अर्थ यातून काढू नये, कारण मधे शाळाच बंद होत्या. पण फोनमुळे वाचन सावरलं नाही, एवढं नक्की दिसतं. शाळा उघडल्यानंतर, २०२४ मध्ये आकडा २३.४ वर आला. (हा अहवाल ग्रामीण भागाचा असतो. कुपवाडसारखी महापालिकेतली वस्ती त्यात येत नाही.)

बाहेरही हीच चर्चा आहे. स्वीडननं २०२३ मध्ये लहान मुलांच्या शाळांत डिजिटल साधनांची सक्ती मागे घेतली आणि छापील पुस्तकांवर भर दिला. त्याच वर्षी युनेस्कोच्या अहवालानं विचारलं, की शिक्षणातलं तंत्रज्ञान नेमकं कुणाच्या अटींवर येतंय?

सांगली जिल्ह्यात हा प्रश्न एका गावानं वर्षभर आधीच आपल्या पद्धतीनं सोडवला होता. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. ऑनलाइन वर्गांच्या निमित्तानं हातात आलेला फोन मुलं शाळा उघडल्यावरही सोडत नव्हती, हे त्यामागचं कारण. आणि फोन फक्त मुलांनी ठेवायचा नव्हता, मोठ्यांनीही ठेवायचा होता.

कुपवाडमध्ये पाळीच्या वेळा बघता भोंगा चालणं अवघड आहे. तिथे उपाय शाळेच्या वेळेतच शोधावा लागेल. व्हिडिओ वर्गात, शिक्षकांसमोर दाखवायचा. तो आधी उतरवून ठेवायचा, म्हणजे जाहिराती आणि 'पुढचा व्हिडिओ' यांची कटकट राहत नाही. घरी पाठवायचं ते पुस्तक, वही किंवा एखादी गोष्ट. ग्रुपवर पाठवायचंच असेल तर पालकांसाठी आवाजातला निरोप, कारण सगळ्या पालकांना लांब मेसेज वाचायला जमतोच असं नाही. आणि मुलांसाठी एखादं अॅप सुचवलं जात असेल तर ते कोणती माहिती गोळा करतं, हे विचारायलाच हवं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

हे विचारायची जागाही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. शाळेचा विकास आराखडा तयार करणं आणि सरकारी अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे याच समितीचं काम आहे. वर्गातल्या टीव्हीचा रिचार्ज या वर्षी कोण भरणार, हा प्रश्न तिथल्या पुढच्या बैठकीत कुणीही पालक मांडू शकतो.