तलवारीच्या सिद्धान्ताची उलटतपासणी

जगातले मोठे धर्म कसे पसरले, असे विचारले की आपल्याकडे उत्तर तयार असते : तलवारीने. जरा मवाळ माणूस ‘राजाश्रयाने’ म्हणतो. अशोक होता म्हणून बौद्ध धर्म, कॉन्स्टन्टाइन होता म्हणून ख्रिस्ती धर्म, सुलतान होते म्हणून इस्लाम. ‘यथा राजा तथा प्रजा’ ही म्हण पाठीशी असल्याने या मताला कोणी पुरावा मागत नाही. तो मागायला हवा.

आधी प्रतिपक्षाचे खरे आहे तेवढे मान्य करू. जुलूम झाले. गोव्यात पोर्तुगिजांनी देवळे पाडली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आणले आणि मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालवले. धाकाने धर्मांतरेही झाली. पण त्याच गोव्यातून कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी फोंड्याकडे नेली. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे हिंदू देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात! राजाचा धर्म आणि प्रजेचा धर्म यांचे गणित इतके सरळ असते, तर हे घडलेच नसते.

आता तलवारीचा हिशेब मांडू. दिल्ली-आग्र्याच्या परिसरात मुसलमान राजवट शतकानुशतके होती. तलवार सर्वांत जवळ होती ती तिथे. तरी तिथली बहुसंख्य प्रजा हिंदूच राहिली. उलट दरबारापासून दूर असलेल्या पूर्व बंगालात मुसलमान बहुसंख्य झाले. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने त्याचा संबंध मोगल काळातल्या जंगलतोडीशी आणि भातशेतीशी जोडला आहे. जंगल साफ करून जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांत पीर-फकीर होते. त्यांना जमिनीच्या सनदा मिळाल्या, मशिदी उभ्या राहिल्या आणि भोवती वसलेला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू त्या धर्मात मुरत गेला. आणि इंडोनेशिया? तो तर कोणत्याही अरब वा तुर्की फौजेने जिंकलेला नाही. तिथे इस्लाम आला तो व्यापाऱ्यांच्या गलबतांतून.

राजाश्रयाचेही तसेच. ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात कायदेशीर मान्यता मिळाली ३१३ मध्ये. त्याआधीची जवळजवळ तीन शतके तो सत्तेच्या अवकृपेत, अधूनमधून छळातही वाढला. कॉन्स्टन्टाइनने हात दिला तो चालायला शिकलेल्या मुलाला. पुढे ३६१ मध्ये गादीवर आलेल्या ज्युलियनने जुन्या देवांना परत आणायचा प्रयत्न केला. तो त्याच्याबरोबरच संपला. अकबराइतका बलाढ्य बादशहा क्वचितच झाला, पण त्याच्या दीन-ए-इलाहीला अनुयायी मिळाले ते मूठभर.

‘मग अशोकाचे काय?’ हा प्रश्न येणारच. त्याने धम्माला पंख दिले, हे निर्विवाद. पण त्याच्यानंतर महाराष्ट्रात काय झाले ते पाहा. सातवाहनांनी वैदिक यज्ञ केले. नाणेघाटाच्या लेखात त्यांची आणि दक्षिणांची यादीच आहे. तरी त्या काळात आपल्या सह्याद्रीत बौद्ध लेणी खोदली जात होती. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीच्या नावावर आहे. तिथले खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले, दाराशी एका गंधी व्यापाऱ्याचे आणि एका सुताराचे नाव आहे. नाशिकला नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण ठेवले, ते गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे : २००० दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दरमहा पाऊण टक्क्याने. राजाच्या जावयालाही धर्मकार्याचा पैसा कोष्ट्यांच्या पेढीवर ठेवावा लागला!

म्हणून माझे म्हणणे असे : धर्म रुजतो तो माणसाच्या रोजच्या निकडीत. घाट चढणाऱ्या व्यापाऱ्याला वाटेवरचा विहार आपला वाटला. रोममध्ये विधवांना आधार आणि गरिबाच्या प्रेताला मूठमाती देणारी मंडळी जवळची वाटली. बंगालात जमीन मिळाली. सत्ता या पेरणीला पाणी घालू शकते, पीक उपटूही शकते. बी मात्र तिच्या कोठारात नसते.

दूरचे दाखले पटत नसतील, तर घरचा घ्या. १९३५ मध्ये येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी बौद्ध धर्म स्वीकारला. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले बौद्ध जेमतेम काही हजार होते. १९६१ मध्ये ते सुमारे २८ लाख झाले. यामागे ना तलवार होती, ना राजाश्रय. उलट, केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान दिले ते १९९० मध्ये, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी.