चिरंजीवांचे तेल

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमची आई तेलाची वाटी घेऊन बसली, की पहिले तेल आमच्या डोक्यावर कधीच पडत नसे. आधी जमिनीवर बोटाने सात ठिपके, सात चिरंजीवांचे. त्यांतला पहिला अश्वत्थाम्याचा. "त्याच्या कपाळची जखम अजून वाहते रे," असे ती म्हणे, आणि आम्ही दोघे भाऊ कुडकुडत अंगणातल्या काळोखाकडे पाहत असू.

यंदा हा अश्वत्थामा मला जपानमार्गे भेटला. आमच्या घरच्या चिरंजीवांनी ग्रंथालयातून जपानी चित्रांचे एक पुस्तक आणले. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचे, प्रत्येक रंगाची फळी निराळी, आणि एकेक ठसा कागदावर उमटवायचा, अशी ही कला. त्यात होकुसाईने १८३१ च्या सुमारास काढलेली ओइवा होती. नवऱ्याने दगा दिलेली, विषाने विद्रूप होऊन मेलेली ही बाई कागदी कंदिलातून डोकावते! कुनियोशीच्या चित्रात तर ११८५ साली समुद्रात बुडालेले ताइरा घराण्याचे वीर भुते होऊन शत्रूच्या नौकेवर चालून येतात.

"बाबा, आपल्याकडे असे लढवय्ये भूत नाही?" चिरंजीवांनी विचारले.

गोदाकाठी पैठणच्या चित्रकथींनी महाभारतातले वीर पुष्कळ रंगवले. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती चित्रे आहेत. पण मला आठवला तो आईचा तेलाचा ठिपका. अश्वत्थामा काही भूत नव्हे. त्याला मरणच नाही. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंभ्याच्या डोंगरावर दिवाळीतच त्याची यात्रा भरते.

जपानी भुतांवर अन्याय झालेला असतो आणि ती त्याचा हिशेब मागत येतात. अश्वत्थाम्याचा हिशेब मात्र पुरा झाला होता. बाप कपटाने मारला गेला म्हणून त्याने रात्री छावणीत शिरून झोपलेली पोरे कापली. सूड पुरा झाला, जखम उरली. लोक सांगतात, तो दारोदार हिंडतो. पण रक्त मागत नाही, जखमेवर घालायला तेल मागतो.

हे सांगता सांगता माझी जीभ अडखळली. आई गेल्यावर वाड्याच्या वाटणीवरून मी दादांशी कोर्टात भांडलो. गेल्या वर्षी निकाल माझ्या बाजूने लागला. मी पेढे वाटले. लातूरहून दर दिवाळीला 'चि. बाळास अनेक आशीर्वाद' असे पत्र येत असे. ते मात्र आले नाही. जिंकलेला मी वर्षभर नीट झोपलेलो नाही.

यंदाची पहिली आंघोळ लातूरला करायची ठरवली आहे. सौ.ने तेलाची बाटली पिशवीत घातली आहे. दादा दार उघडतील का, कोण जाणे! उघडले, तर पहिला ठिपका मीच लावीन.