चेन बाहेरची, लेबल आपले

उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये गजानन मार्केटच्या बाजूने दुपारच्या वेळी चालत जाणे ही एक कसरतच असते. समोरून हातगाडी, मागून टेम्पो, मधून डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल. तिथे कोणी कोणाला थांबवून गंभीर प्रश्न विचारत नाही. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका घाऊक कापड व्यापाऱ्याने मला तिथेच, भर गल्लीत, हात धरून थांबवले आणि विचारले, ‘‘बेटा, मेरी पार्टी की लिस्ट किधर गई?’’

मी छोट्या व्यापाऱ्यांसाठी मोबाइलचे ॲप बनवून देतो. या सेठचेही मीच बनवले होते. नाशिक, संगमनेर, सोलापूर इथले किरकोळ दुकानदार त्यावर माल पाहतात, ऑर्डर टाकतात, उधारी किती झाली ते बघतात. ‘पार्टी लिस्ट’ म्हणजे या दुकानदारांची यादी. कोण काय उचलतो, कोण पैसे वेळेवर देतो, कोणाला लग्नसराईत किती माल लागतो, हे सारे त्यात येते. दुकान, गोदाम, तिजोरी या गोष्टी घाऊक व्यापाऱ्याला पुन्हा उभ्या करता येतात, ही यादी येत नाही. सेठच्या वडिलांनी फाळणीनंतर इथल्या लष्करी बराकीत संसार मांडला तेव्हा ती यादी एका लाल वहीत सुरू झाली होती. वहीतून ती संगणकात आली आणि संगणकातून माझ्या ॲपमध्ये.

झाले होते ते असे. नाशिकच्या एका दुकानदाराने ॲपची नवी आवृत्ती फोनवर घेतली आणि ॲपने त्याला विचारले, तुमचे ठिकाण पाहू का? दुकानदार हुशार. त्याने सेठला फोन केला : ‘‘माझं दुकान कुठं आहे ते तुम्हाला वीस वर्षं ठाऊक आहे, मग हा फोन कशाला विचारतोय?’’ सेठकडे उत्तर नव्हते, म्हणून त्यांनी मला धरले. आणि लाज वाटते सांगायला, उत्तर माझ्याकडेही नव्हते. ॲपमध्ये ठिकाण विचारणारी एक ओळही मी लिहिलेली नव्हती.

ती दुसऱ्या कोणीतरी लिहिली होती. ॲप बनवणारा सगळे स्वतः लिहीत नाही. ऑर्डर आली की टुणकन वाजणारी सूचना, पैसे भरण्याची खिडकी, नकाशा, ॲप बंद पडले तर कळवणारी यंत्रणा हे सगळे इतर कंपन्यांचे तयार संच असतात. त्यांना म्हणतात सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट, आमच्या बोलीत एसडीके. दोन-चार ओळी टाकल्या की संच आपल्या ॲपमध्ये येऊन बसतो. मी सूचनांसाठी असाच एक फुकटचा संच घेतला होता आणि ‘जी ताजी आवृत्ती असेल ती घे’ असे लिहून मोकळा झालो होतो. मधल्या काळात त्या कंपनीला ‘जवळपासच्या ग्राहकांना संदेश’ अशी काही नवी सोय सुचली, तिच्यासाठी ठिकाणाची परवानगी संचात आली आणि मी ॲप पुन्हा बांधले तेव्हा ती माझ्या ॲपमध्ये सामील झाली. अँड्रॉइडवर हे आपोआप होते. प्रत्येक संच आपल्याला काय काय हवे त्याचा एक कागद घेऊन येतो आणि बांधणीच्या वेळी सगळ्यांचे कागद एकत्र होऊन ॲपचा एकच कागद तयार होतो. त्या शेवटच्या कागदावर नाव असते ॲपचे. कोणती मागणी कोणाची, हे फोन वापरणाऱ्याला दिसत नाही.

त्या रात्री मी तो शेवटचा कागद प्रथमच नीट वाचला. चार संच मी निवडले होते, निघाले अकरा. उरलेले सात त्या चारांबरोबर आले होते, लग्नाला बोलावलेल्या पाहुण्याने आपली भावंडे आणावीत तसे. मग माझ्याच फोनवरून बाहेर काय जाते ते तपासत बसलो. ॲप उघडले, अजून नावही टाकलेले नाही, तोच फोनचे मॉडेल, भाषा, सिमकार्डाची कंपनी आणि जाहिरातदार फोन ओळखण्यासाठी वापरतात तो क्रमांक तीन वेगवेगळ्या पत्त्यांवर रवाना! सेठची यादी मात्र बाहेर गेलेली मला दिसली नाही. पण ‘दिसली नाही’ आणि ‘गेली नाही’ यांत फरक असतो आणि तो सेठला समजावताना माझी जीभ अडखळली. एकदा संच ॲपच्या आत आला की ॲपला जे दिसते ते त्यालाही पाहता येते. घरात ठेवलेल्या भाडेकरूला स्वयंपाकघराची वेगळी किल्ली द्यावी लागत नाही, दार उघडेच असते.

यावर आमच्या धंद्यातले मित्र म्हणतात की सगळेच असे करतात. पंचवीस हजारांच्या ॲपमध्ये सगळे हाताने लिहून द्यायचे का? त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे, आणि तेही याच गावामुळे. उल्हासनगरात कोणती वस्तू एका छपराखाली पुरी होते? जीन्सचे कटिंग एकीकडे, शिलाई दुसरीकडे, काज-बटन तिसरीकडे, धुलाई चौथीकडे. चेन कोणीच स्वतः बनवत नाही आणि बनवूही नये. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्यावर करून लोक थकले, पण जॉबवर्कच्या या साखळीने हजारो घरे चालवली आहेत. बाहेरून सुटे भाग घेणे यात कमीपणा काही नाही.

उलट काही भाग बाहेरचेच हवेत. २०१६ साली आलेली यूपीआय पाहा. तुम्ही कोणत्याही कंपनीच्या ॲपमधून पैसे पाठवा, पिन टाकण्याची खिडकी सगळीकडे जवळपास सारखीच दिसते. कारण ती त्या कंपनीची नसतेच, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने दिलेला एक सामाईक संच प्रत्येक ॲपमध्ये बसवलेला असतो. पिन तिथेच कुलूपबंद होतो आणि पुढे जातो, ज्या ॲपमध्ये तो टाकला त्या ॲपलाही कळत नाही. बाहेरचा भाग आहे आणि त्यामुळेच ग्राहक सुरक्षित आहे. कार्डांचेही तेच. ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. माझ्यासारख्याने पैशांची खिडकी स्वतः लिहायला घेतली तर ते शौर्य नव्हे, मूर्खपणा ठरेल.

माझी तक्रार वेगळी आहे. जीन्सवाला चेनचा गठ्ठा घेताना एखादी चेन उचलतो, दहा वेळा वरखाली ओढतो, दात मोजतो आणि मगच भाव बोलतो. आम्ही मात्र संच न ओढता घेतो. आणि चेन एकदा शिवली की शिवली, ती रात्री उठून आपल्या कारखान्याशी बोलत नाही. संच बोलतो. तो बसवल्यावरही त्याची दोरी मूळ कंपनीच्या हातात राहते.

ती दोरी हलली की काय होते, हे ६ मे २०२० रोजी जगाने पाहिले. फेसबुकने आपल्या सर्व्हरवर एक बदल केला आणि आयफोनवरची स्पॉटिफाय, टिकटॉक, पिंटरेस्ट, टिंडर अशी ॲपे उघडताक्षणी कोसळू लागली. या कंपन्यांनी स्वतःचे काहीच बदलले नव्हते. त्यांच्यात ‘फेसबुकने लॉगिन करा’ या सोयीचा संच होता आणि ॲप सुरू होताच तो घरी विचारणा करायचा. ज्या माणसाने ते बटण जन्मात दाबले नाही त्याचेही ॲप पडले. दोन महिन्यांनी, जुलैत, तसाच प्रकार पुन्हा घडला. त्याच वर्षी मार्चमध्ये झूमचे आयफोनवरचे ॲप, फेसबुकचे खाते नसलेल्यांचीही माहिती फेसबुककडे पाठवत असल्याचे उघड झाले. झूमने तो संच काढून टाकला. त्या दिवसांत आमच्या मुलांच्या शाळा झूमवर भरत होत्या, हे आठवले की अजून अस्वस्थ व्हायला होते.

आपल्याकडचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. ८ मार्च २०२१ रोजी दूरसंचार कंपन्यांनी व्यापारी संदेशांची ट्रायच्या नियमांप्रमाणे छाननी सुरू केली आणि देशभर ओटीपी पोहोचेनासे झाले. बँका, खरेदी, लसीकरणाची नोंदणी, सगळे अडले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने छाननी काही दिवस स्थगित केली. नियम चांगल्या हेतूचा होता, फसवे संदेश रोखण्याचा. पण ओटीपी आपल्या आणि ग्राहकाच्या मध्ये किती हातांतून जातो, हे पुष्कळ जणांना त्या दिवशी प्रथमच कळले.

आणि कधी कधी दोरी हलत नाही, कापली जाते. फेसबुकने २०१३ साली विकत घेतलेली पार्स ही सेवा जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. गुगलच्या फायरबेस डायनॅमिक लिंक्स ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाल्या आणि ते दुवे उघडायचे थांबले. दोन्ही वेळा पुरेशी आगाऊ सूचना होती, हे मान्य. पण ती सूचना ॲप बनवणाऱ्याला येते. ज्याने दुवा कापडी पिशव्यांवर छापून वाटला त्या दुकानदाराला कोण कळवणार? ॲप बनवणारा तोपर्यंत बहुधा नोकरी बदलून पुण्याला गेलेला असतो.

सगळ्यात वाईट प्रकार ठिकाणाच्या माहितीचा. एक्स-मोड नावाची अमेरिकी कंपनी आपला संच ॲपवाल्यांना द्यायची आणि त्या बदल्यात पैसे. नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ या ॲपमध्येही तो होता. नोव्हेंबर २०२०मध्ये पत्रकारांनी उघड केले, की या संचातून मिळणारी ठिकाणांची माहिती अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोहोचत होती. पुढच्या महिन्यात ॲपल आणि गुगलने तो संच ॲपमधून काढायला लावला. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. नमाजाची वेळ बघणाऱ्या माणसाला यातले काय ठाऊक असणार?

आता आपल्याकडे कायदा आला आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. ग्राहकाची माहिती ज्याच्यासाठी आणि ज्याच्या ठरवण्याने गोळा होते, जबाबदार तो. काम त्याने पुढे कोणाकडूनही करून घेतले असो, करारात काहीही लिहिलेले असो. माहिती नीट न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. गजानन मार्केटमधल्या दुकानाला कोणी अडीचशे कोटी दंड करणार नाही हे मीही जाणतो. पण या व्यवस्थेत जबाबदार कोण ठरतो ते पाहा. संच बनवणारी परदेशी कंपनी बाजूला, संच निवडणारा मी बाजूला, आणि पुढ्यात उभे कोण, तर ज्याने एसडीके हा शब्दही ऐकलेला नाही तो सेठ. लेबल त्याचे ना! वालधुनीत उतरणाऱ्या रंगाबद्दल आम्ही उल्हासनगरकर वर्षानुवर्षे हेच ऐकत आलो, की धुलाई आमची नाही, बाहेर दिलेली आहे. नदीला त्याने काय फरक पडला?

म्हणून मला वाटते, ॲप बनवणाऱ्याने बिलाबरोबर एक कागद द्यावा. ॲपमध्ये बाहेरचे कोणते संच आहेत, प्रत्येक कशासाठी आहे, तो काय घेतो, कुठे पाठवतो आणि उद्या बंद पडला तर काय अडेल. मराठीत, हिंदीत, सेठला वाचता येईल असा. गुगलच्या दुकानात २०२२ पासून अशी घोषणा भरावी लागते आणि तीत बाहेरच्या संचांनी घेतलेली माहितीही धरायची असते. पण ती भरताना आम्ही काय करतो ते मला ठाऊक आहे : मागच्या ॲपची उत्तरे उतरवतो. व्यापारी संघटना जीएसटीच्या शंकांसाठी सनदी लेखापालाला बोलावतात, एकदा या विषयावरही बैठक घ्यायला हरकत नाही. गिऱ्हाईकच विचारू लागले तर आमच्यासारखे आपोआप सुधारतील, नुसत्या उपदेशाने सुधारणार नाहीत. मीच सुधारलो नव्हतो.

यात खर्च आहे, हे लपवणार नाही. सूचनांचा तो संच काढून मी दुसरा, साधा संच बसवला. सगळ्यांच्या आवृत्त्या पक्क्या बांधल्या, म्हणजे मला न विचारता नवे काही आत येणार नाही. पण मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत, दर महिन्याला बसून पाहावे लागते. त्या तासांचे पैसे कोणी द्यायचे यावर सेठशी अर्धा तास वाद झाला. ‘‘जीप में चेन खराब निकली तो दर्जी दुबारा पैसा लेता है क्या?’’ असे त्यांनी विचारले. पहिल्या वेळचे मी घेतले नाहीत. महिन्याच्या देखभालीचे थोडे घेतो.

कागद मात्र त्यांना दिला. अकरा नावे होती. चष्मा लावून त्यांनी प्रत्येकापुढे बोट ठेवून विचारले, ‘‘ये क्या करता है?’’ चौथ्या आणि सातव्या नावाला मला धड उत्तर देता आले नाही, तेव्हा त्यांनी लाल पेनने ती खोडली. चौथे मी काढले. सातवे पैशांच्या खिडकीच्या संचाबरोबर येते, ते काही केल्या निघत नाही. कागद त्यांच्या गल्ल्यात जीएसटीच्या फाइलखाली आहे आणि मी दुकानात गेलो की ते तो बाहेर काढतात.