मेला नाहीये हो तो, कात टाकतोय!

अमेरिकेत सगळ्यात जास्त अन्याय सोसणारा पाळीव प्राणी कोणता असं विचारलंत, तर माझं उत्तर आहे हर्मिट क्रॅब. म्हणजे शंखात राहणारा खेकडा. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बोर्डवॉकने चालत निघालं की दुकानादुकानातून तारेच्या पिंजऱ्यात ही मंडळी एकमेकांवर चढून बसलेली दिसतात, पाठीवर रंगवलेले भडक शंख. तिथल्या ओशन सिटीत तर यांची सौंदर्यस्पर्धासुद्धा भरवतात! (थट्टा नाही, खरंच.) उन्हाळ्यात आपले देसी लोक पोराबाळांना घेऊन तिथे जातात, पोरं हट्ट धरतात, आणि दुकानदार म्हणतो, "एकदम सोपा प्राणी. काही करावं लागत नाही."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

एक तर हा खेकडा जर्सीचा नव्हेच. बहुतेक वेळा तो कॅरिबियन किनाऱ्यावरून पकडून आणलेला असतो. पिल्लं सुरुवातीला समुद्रातच वाढतात, त्यामुळे घरात किंवा फार्मवर यांची पैदास जवळजवळ होत नाही. म्हणजे पिंजऱ्यातला जवळपास प्रत्येक खेकडा जंगली. नीट सांभाळला तर तीस वर्षं जगू शकतो. प्रत्यक्षात कित्येक जण काही महिन्यांत जातात. कारण जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो, आणि त्याला ८० टक्क्यांच्या आसपास दमट हवा लागते. तारेच्या पिंजऱ्यात, एसीच्या हवेत, तो हळूहळू गुदमरत असतो. आपल्याला वाटतं, काय शांत स्वभावाचा आहे!

आणि जो यातूनही तरला, त्याला कात टाकायच्या वेळी आपण मारतो. प्रेमाने.

कवच वाढत नाही, आतला जीव वाढतो. म्हणून ते अधूनमधून टाकून द्यावं लागतं. आधी खेकडा भरपूर खातो-पितो, मग सुस्तावतो, डोळे निस्तेज होतात, आणि एक दिवस वाळूत शिरून गायब. खाली छोटीशी गुहा करून तो जुनं कवच फाडून बाहेर येतो, नांग्या-पायांसकट. तेव्हा त्याचं अंग इतकं मऊ असतं की नुसत्या बोटाने इजा व्हावी. मग टाकलेलं कवच तो स्वतःच खातो, त्यातलं कॅल्शियम परत मिळवायला. तुटलेला पायसुद्धा याच काळात नव्याने फुटतो. छोट्या-मध्यम खेकड्याला याला चार ते आठ आठवडे लागतात, मोठ्याला कितीतरी महिने.

आता सांगा, दोन महिने प्राणी दिसला नाही तर कोण गप्प बसेल? आमच्या शेजारची सात वर्षांची चिमुरडी रोज विचारायची, "काका, तो मेला का?" तिचे बाबा चमचा घेऊन उकरायला तयार. मी म्हटलं, अहो थांबा, डेटाबेसचं मायग्रेशन चालू असताना स्क्रीन हलत नाही म्हणून कोणी प्लग उपटतं का? (ते पण आयटीतलेच, लगेच पटलं.) वास घेऊन बघा म्हटलं. मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीचा वास येतो, आणि तो लपत नाही. इथे तर नुसता ओल्या मातीचा वास होता. सदतिसाव्या दिवशी स्वारी वर आली. अंगावर नवा रंग, मिशा सळसळत.

ती वाचली कारण टाकी बरी होती. काचेची, वर झाकण, पाच भाग वाळू आणि एक भाग नारळाचा भुसा, किल्ला बनवण्याइतकी ओली, आणि खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट तरी खोल. सहा इंचांपेक्षा कमी तर नाहीच. गोडं आणि खारं अशी दोन्ही पाण्याची भांडी, क्लोरीन काढलेलं. रिकामे, न रंगवलेले जादा शंख. दुकानातल्या किटमध्ये यातलं काय मिळतं? मूठभर रंगीत खडे आणि एक स्पंज. त्या खड्यांत खेकडा पुरून घेणार कसा? जागाच नसली की बिचारा उघड्यावर कात टाकतो, आणि सोबतचे खेकडे त्याला खाऊन टाकतात. असा कधी वरच दिसला तर हात लावू नका, तळ कापलेली प्लास्टिकची बाटली त्याच्यावर झाकणासारखी ठेवा आणि टाकीत अंधार करा. बस.

पोराने हट्ट धरलाच, तर बोर्डवॉकवर पैसे देऊ नका. तुम्ही एक उचललात की त्या जागी नवा पकडून आणतात. आधी घेतलेले खेकडे नकोसे झालेली घरं पुष्कळ आहेत, त्यांच्याकडचा आणा. आणि आणायच्या आधी पोराला नीट विचारा: जो महिनोन् महिने दिसणारच नाही असा प्राणी चालेल का? नाही म्हणालं तर गोल्डफिशही आणू नका, त्याच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन :)