दोघांची तिकिटे

सुट्टीत धुळ्याला गेलो की आजी एकदा तरी विचारतेच, "नागपूरले कव्हय जानं शे?"

माझी आत्या नागपूरला असते. पूर्वी आबा आणि आजी वर्षातून दोनदा तिच्याकडे जात. धुळ्याचे रूळ चाळीसगावला जाऊन मुख्य मार्गाला मिळतात, त्यामुळे एस.टी.ने पारोळा, एरंडोल करीत सरळ जळगाव गाठायचे आणि तेथून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुढे, असा त्यांचा शिरस्ता होता. आबांना भाड्याचा हिशेब तोंडपाठ असे. रेल्वे त्या वेळी ६० वर्षांवरील पुरुषांना मूळ भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट देई. म्हणजे दहा रुपये भाडे असेल तर आबांचे सहा, आजीचे पाच. वीस रुपयांचे काम अकरात! "तुझ्या आजीला बरोबर घेतले की एक रुपया जास्त वाचतो," असे आबा म्हणत, आणि आजी खोटेखोटे रागावे.

२० मार्च २०२० पासून ही सवलत थांबली. साथीच्या दिवसांत वृद्धांनी अनावश्यक प्रवास करू नये, हा हेतू होता व तो रास्तच होता. पण साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, तरी सवलत काही परत आली नाही. दिव्यांगांचे ४, रुग्णांचे ११ व विद्यार्थ्यांचे ८ प्रकार तेवढे सवलतीच्या यादीत राहिले.

कोणी म्हणेल, एस.टी. आहे की! आहेच. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एस.टी.त तिकीटच नाही आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे. आबा ७६ वर्षांचे, आजी ७१ ची. दोघांत मिळून अर्ध्या तिकिटात ती दोघे थेट नागपूर गाठू शकतात. पण धुळे ते नागपूर बसमध्ये दहा-बारा तास बसायचे कसे? आबांना मधुमेह आहे. त्यांना दर तासाला उठावे लागते. त्यांच्यासाठी बस वाटेत कितीदा थांबणार? आजी तर एका वाक्यात विषय संपवते: "एस.टी.मा मन्ही कंबर मोडस." रेल्वेत पाठ टेकता येते, डब्यातच शौचालय असते. म्हातारपणी शरीराला जे वाहन सोसते, नेमकी त्याचीच सूट गेली आणि जे सोसत नाही ते जवळजवळ फुकट झाले, ही गोष्ट माझ्या मनाला पटत नाही.

रेल्वेची बाजू मला ठाऊक आहे. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात, असे तिकिटावरच छापलेले आपण वाचतो. प्रत्येकाला सवलत आहेच, मग वृद्धांना आणखी कशाला, असा तो युक्तिवाद. वातानुकूलित डब्यातल्या सधन पेन्शनरांना सूट नको, हे मीही मान्य करीन. पण त्यावर उपाय नव्हता असे नाही. २०१७ साली ज्येष्ठांना स्वेच्छेने सवलत सोडण्याची सोय दिलेली होती. पुढे २०२२ साली संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने निदान स्लीपर व तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यांसाठी तरी सवलतीचा विचार व्हावा, असे सुचविले. माझे मागणे त्याहूनही कमी आहे: स्लीपर आणि द्वितीय वर्ग, बस्स.

मित्रहो, आपल्याला सुट्टीत घरी जाण्यासाठी जी निम्म्या भाड्याची सवलत मिळते, तीही याच दोन वर्गांपुरती आहे. प्राचार्यांच्या सहीचा फॉर्म आणायचा आळस आपण करतो, तो भाग वेगळा! पण एवढ्याने रेल्वे बुडेल असे कोणी म्हणत नाही. मग आबांच्या चार रुपयांनी आणि आजीच्या पाच रुपयांनी ती कशी बुडेल?

या खेपेला आबांनी पूर्ण भाड्याची दोन तिकिटे काढली आहेत, ती फक्त जाण्याची. परतीची आत्या काढणार आहे. हे आजीला अजून कोणी सांगितलेले नाही.