वजन उतरवलं, हा माझा गुन्हा?

माझी उंची 160 सेंटीमीटर. लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करणाऱ्या बॅरिएट्रिक सर्जनकडे पहिल्यांदा गेले तेव्हा काट्यावर 104 किलो भरले, बीएमआय 40.6. ‘आधी थोडं वजन उतरवा. यकृत आकसलं की दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सोपी जाते,’ डॉक्टर म्हणाले. रात्रीची भाकरी सोडली, मुगाच्या पातळ वरणावर राहिले, रोजचं वजन वहीत मांडलं. 97 किलोवर आले. मग विमा कंपनीचं उत्तर आलं: बीएमआय 37.9, मंजुरी नाही.

विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय किमान 40 हवा; किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्याबाहेरचा टाइप 2 मधुमेह. माझे झिजलेले गुडघे त्या यादीत बसत नाहीत.

पण मोजायचं कोणत्या दिवसाचं वजन? माझ्या मते, उपचार सुरू झाले त्या दिवसाचं. सात किलो उतरल्याने माझा आजार गेला नाही. मी फक्त शस्त्रक्रियेची तयारी केली. नियामकाने हे एका ओळीत स्पष्ट लिहावं. डॉक्टरांचं ऐकणाऱ्या रुग्णाला त्याची शिक्षा होता कामा नये. तोवर प्रत्येकाने पहिल्याच भेटीत उंची-वजनाची नोंद सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावी.